लहान मुलांचं हिअरिंग सेंटर: आमचा सात महिन्यांचा अनुभव (५ पैकी ४)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. मी स्वतः शोधत होते तेव्हा कानाच्या सेंटरांबद्दल सगळीकडे "स्टाफ चांगला, स्वच्छता चांगली" एवढंच सापडायचं, आणि मला हवं होतं ते वेगळंच, की तीन वर्षांच्या पोरीची टेस्ट हे लोक करतात तरी कशी आणि आलेला रिझल्ट बरोबर आहे हे आपल्याला कळायचं कसं. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला भांडण नको, पण कुठलंही सेंटर निवडताना काय बघायचं ते यातून नक्की कळेल.

तर आमची लेक तेव्हा ३ वर्षं १ महिन्याची. ऐकू येत नाही असं कुणालाच वाटत नव्हतं कारण बेल वाजली की दाराकडे पळायची, कुत्रा भुंकला की बाल्कनीत. मागून हाक मारली तर मात्र दहातून दोनदा वळायची. सासूबाई म्हणायच्या मनस्वी आहे, बापावर गेलीय. बोलायची, पण फुग्याला "उगा", सशाला "अआ", चष्म्याला "अम्मा", आणि आम्ही सगळे हसायचो, मी तर व्हिडिओ काढून ठेवलेत. एकदा शंका आली म्हणून तिच्या पाठीमागे स्टीलच्या डब्याचं झाकण पाडून बघितलं, ती टुणकन वळली, आणि त्या एका झाकणावर मी पुढचे दोन महिने निश्चिंत होते.

त्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आलो होतो. तिथे डोक्यामागे टाळी वाजवली, ती वळली, मग कानात ते हवेचं प्रेशर देणारं मशीन लावलं आणि ग्राफ सपाट आला. म्हणाले पडद्यामागे पाणी साचलंय, सर्दीने होतं, तीन महिने थांबा. हे काही चूक नव्हतं, मुलांमध्ये ते पाणी बरेचदा आपोआप जातं आणि थांबणंच योग्य असतं, हे मला नंतर कळलं. चूक ही की पाणी गेल्यावर ग्राफ नॉर्मल आला, बोलणं तसंच राहिलं, आणि तरी ऐकण्याची खरी टेस्ट कुणी केलीच नाही. फाईलमध्ये जन्माच्या वेळच्या टेस्टवर दोन्ही कानांसमोर "पास" असा शिक्का होता तो दाखवून म्हणाले, हे बघा, ऐकू येतं, एकुलती एक आहे म्हणून बोलायला उशीर होतोय. आम्ही घरी आलो.

आता या सेंटरबद्दल. पहिल्या दिवशी सुरुवातीची पंचवीस मिनिटं कुठल्याही मशीनला हात लावला नाही. ऑडिओलॉजिस्ट मॅडम नुसते प्रश्न विचारत होत्या आणि पोरीला खाली ठोकळे दिले होते, तिच्याकडे मध्ये मध्ये तिरकं बघत होत्या. मला आधी वैताग आला, अहो टेस्ट करा ना. पण प्रश्न असले भन्नाट होते की नवऱ्याने शेवटी विचारलंच, याचा कानाशी काय संबंध? कुटुंबात कुणाच्या कपाळावर लहानपणापासून पांढऱ्या केसांची बट आहे का, कुणाचे दोन डोळे दोन रंगांचे आहेत का, कुणी लहान वयात पळताना किंवा घाबरून अचानक बेशुद्ध पडलंय का, लघवीतून रक्त जाणं, किडनीचा आजार, थायरॉइडची गाठ, अंधारात धडपडणं, बाळ चालायला कधी लागलं. तुमचं नात्यातलं लग्न आहे का. गरोदरपणात ताप, अंगावर पुरळ. बाळ काचेत किती दिवस होतं, कावीळ किती चढली होती, रक्त बदलावं लागलं का, इंजेक्शनं कुठली दिली, डिस्चार्ज कार्ड आणलंय का. मेंदूज्वर, गालगुंड, डोक्याला मार.

आणि मग त्यांनी एकेकाचा संबंध सांगितला, तोही घाई न करता. कान खराब होणं दोन प्रकारचं. एकात आवाज आत पोचतच नाही, म्हणजे मळ, पाणी, पडदा, छोटी हाडं, आणि हे बहुतेकदा औषधाने किंवा ऑपरेशनने दुरुस्त होतं. दुसऱ्यात आवाज आत पोचतो पण आतला शंख म्हणजे कॉक्लिया, नाहीतर त्याच्यापुढची नस, तो आवाज नीट पकडत नाही. यालाच सेन्सरीन्यूरल म्हणतात, आपल्याकडे सरसकट "नसेचा प्रॉब्लेम" म्हणतात पण बहुतेक मुलांची नस ठीक असते, शंखातल्या केसांसारख्या बारीक पेशी गेलेल्या असतात. माणसात त्या पेशी परत उगवत नाहीत. हे वाक्य त्या सरळ बोलल्या, साखर लावून नाही, आणि मला ते आवडलं.

कारणांचं म्हणाल तर कायमचं कमी ऐकू येणं जन्मतःच असलेली मुलं हजारात साधारण १ ते ३ असतात, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त मुलांमध्ये कारण जीन्सचं असतं. यात लोकांना न पचणारी गोष्ट ही की घरात कुणीच बहिरं नसतं. आईबाप दोघंही ठणठणीत ऐकणारे, दोघांकडे एकाच बिघडलेल्या जीनची एकेक कॉपी, आणि बाळाला दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली की झालं, प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. सगळ्यात जास्त सापडणारा जीन म्हणजे जीजेबी-टू, त्याचा बहिरेपणाशी संबंध १९९७ साली कळला. बहुतेक वेळा कान सोडून बाकी सगळं नॉर्मल असतं, पण काही मुलांमध्ये कानासोबत दुसरं काहीतरी असतं आणि ते विचित्र प्रश्न त्यासाठी होते. पांढरी बट म्हणजे वार्डनबर्ग सिंड्रोम, अंधारात धडपडणं आणि उशिरा चालणं म्हणजे अशर, ज्यात पुढे डोळ्याचा पडदा जातो, थायरॉइड म्हणजे पेंड्रेड, किडनी म्हणजे अल्पोर्ट. बेशुद्ध पडणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यात हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेली असते आणि ते जिवावर बेतू शकतं, आणि कळायला साधा ईसीजी लागतो. नवरा यानंतर एकदम गप्प बसून उत्तरं द्यायला लागला.

जीन्स सोडून जी कारणं आहेत त्यात पहिला नंबर सीएमव्ही नावाच्या व्हायरसचा. आईला गरोदरपणात होतो, साध्या सर्दीसारखा वाटतो किंवा काहीच वाटत नाही, आणि बाळाचे कान कधी जन्मतः तर कधी दोन-चार वर्षांनी हळूहळू जातात. तो गर्भातच झाला होता हे खात्रीने सांगायचं तर बाळाची लाळ किंवा लघवी पहिल्या २१ दिवसांत तपासावी लागते. नंतर सापडला तर जन्मानंतर लागला असेल असंही म्हणता येतं. आमचे २१ दिवस तीन वर्षांपूर्वीच गेलेले. रुबेलापण तसाच, त्याला निदान लस आहे. मेंदूज्वराचं ऐकून तर काटा आला, बॅक्टेरियाचा मेंदूज्वर झाला तर शंखाच्या आत हाड भरायला लागू शकतं आणि मग कॉक्लियर इम्प्लांटची (ऑपरेशनने शंखात बसवायच्या यंत्राची) तार आत घालणंच अवघड होतं, म्हणून मूल बरं झालं की लगेच, काही आठवड्यांच्या आत कान तपासायचे. गालगुंडाने बहुतेकदा एकच कान जातो आणि मूल सांगतच नाही, कारण दुसऱ्याने काम चालतं.

आमच्या कार्डावर होतं ते असं: ९ दिवस एनआयसीयू, इन्फेक्शनसाठी जेंटामायसिन (कानाला अपाय करू शकणारं अँटिबायोटिक), कावीळ. मॅडमनी त्या तिन्हीखाली पेन्सिलने रेघ मारली. आणि मग जे सांगितलं त्याने मी आतून हलले. जन्माच्या वेळी तिची झाली होती ती फक्त ओएई टेस्ट. यात कानात छोटं बूच घालून बारीक आवाज सोडतात, आणि चांगला शंख त्याला उत्तर म्हणून स्वतःच एक अगदी क्षीण आवाज परत बाहेर पाठवतो, तो मायक्रोफोनने पकडतात. कान आवाज काढतो हे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं. बाळाला काही करावं लागत नाही, मिनिटांत होतं, म्हणून छान आहे. पण ही टेस्ट शंखातल्या बाहेरच्या रांगांमधल्या पेशींपुरतीच, पुढे नसेत गडबड असेल तरी ती "पास" म्हणते. जास्त कावीळ झालेल्या मुलांमध्ये नेमकं तेच होऊ शकतं. म्हणून पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला ओएई पुरत नाही, बेरा म्हणजे मेंदूपर्यंत सिग्नल जातो का ती टेस्ट हवी. आमच्याकडे ती कुणी केली नाही, आणि "पास" असली तरी पुढे तपासत राहा असंही कुणी सांगितलं नाही. उलटंही खरं आहे हां, नवजात बाळाचा रिझल्ट "रेफर" आला म्हणजे बहिरं आहे असं नाही, जन्मानंतर कानात चिकट घाण किंवा पाणी असलं तरी तसं येतं. पण पुन्हा करून घ्या, टाळू नका. एक महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हा जगभर चालणारा हिशोब आहे. आम्ही ३७ महिन्यांवर होतो.

आता टेस्टबद्दल, ज्याच्यासाठी मी या सेंटरला चार स्टार देतेय. मॅडमचं म्हणणं, मुलांमध्ये कुठल्याही एका टेस्टवर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या वेगळ्या टेस्टने तेच सांगितलं तरच खरं धरायचं. हा नियम १९७६ पासून पुस्तकात आहे म्हणे, क्रॉस-चेक म्हणतात. माझं त्यावर एकच, की पुस्तकात आहे तर मग आधीच्या ठिकाणी टाळीवर कसं भागलं?

पहिल्या दिवशी तिने हेडफोन लावून घ्यायला सपशेल नकार दिला, रडारड. मग स्पीकरमधून आवाज दिले. आवाज आला की रिंग दांड्यात टाकायची असा खेळ. पहिली पाच मिनिटं झक्कास चाललं, एकदम बारीक आवाजालाही रिंग टाकतेय, मी खूश. मॅडम थांबल्या आणि मला म्हणाल्या, ताई, तुम्ही प्रत्येक आवाजाला श्वास आत घेताय आणि ती तुमच्याकडे बघून रिंग टाकतेय. मला खरंच माहीत नव्हतं! माझी खुर्ची फिरवून तिच्या पाठीमागे ठेवली आणि पुढच्या तीन आवाजांना एकही रिंग पडली नाही. हातात रिंग धरून कानाशी नेऊन वाट बघत बसलेली ती पाठमोरी पोर मला अजून दिसते. आवाज येत होता, मला ऐकू येत होता, तिला नव्हता. त्या तीन आवाजांत मला कळलं काय ते.

दुसऱ्या व्हिजिटला छोटी फोमची बुचं कानात घालून प्रत्येक कान वेगळा तपासला, कारण स्पीकरवर फक्त चांगल्या कानाचं कळतं. मग कानामागच्या हाडावर एक कंप देणारं बटण पट्ट्याने बसवलं. याने आवाज पडदा, हाडं सगळं टाळून थेट शंखात जातो. बुचाने आणि हाडाने दोन्हीकडे सारखंच कमी आलं तर दोष आत, हाडाने चांगलं आलं तर दोष बाहेर. आमचं सारखं आलं. ओएई आता दोन्ही कानांत गायब. पडद्याचा ग्राफ मात्र नॉर्मल, म्हणजे पाण्यावर ढकलायला जागाच उरली नाही. (तीन वर्षांची होती म्हणून रिंगचा खेळ जमला. सहा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांना आवाजाच्या दिशेने वळलं की दिवा लागून खेळणं नाचताना दिसतं अशी टेस्ट असते, आणि त्याहून लहान बाळांसाठी भरवशाची म्हणजे बेरा.)

ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या ग्राफचा कागद हातात दिला तेव्हा मला वाटलं रेघ खाली उतरतेय म्हणजे बरं असेल. उलटं असतं. वर चांगलं, खाली वाईट, डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे पातळ. लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा. आमच्या बाईचे ५०० हर्ट्झच्या जाड्या आवाजाला २५ डेसिबल (आवाज एवढा मोठा केला तेव्हा ऐकू आला), म्हणजे जवळजवळ ठीक, १००० ला ४०, २००० ला ५५ आणि ४००० ला ६५. जिन्यावरून घसरल्यासारखी रेघ. मॅडमनी त्यावर मराठी अक्षरं लिहून दाखवली. आ, उ, म ही डावीकडे आणि दणकट, स, श, फ ही उजवीकडे आणि अगदी हलकी, नुसती हवा. म्हणाल्या तुमची मुलगी चुकीचं बोलत नाही, जे ऐकू येतं ते अगदी बरोबर बोलते. फुगा तिला "उगा" असाच ऐकू येतो. आणि झाकणाच्या दणक्यात जाडा आवाज भरपूर असतो, शिवाय तो खूप मोठा, म्हणून वळली. ते व्हिडिओ मी अजून परत बघितलेले नाहीत.

आता पाचवा स्टार का नाही ते. बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. आम्हाला सांगितलं पहाटे पाचला उठवा, मध्ये झोपू देऊ नका, अकराची वेळ. आम्ही गाणी म्हणत, टाळ्या वाजवत, तोंडावर पाणी मारत तिला जागं ठेवून आणलं आणि आधीचं बाळ झोपतच नव्हतं म्हणून खोली रिकामी नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली. साडेबाराला आमचा नंबर आला आणि आत नेऊन कपाळाला जेल लावल्याबरोबर डोळे टक्क उघडे. पुढची तारीख बारा दिवसांनी! एवढं तंत्र माहीत असलेल्या लोकांना दोन झोपाळू पोरांच्या वेळांमध्ये अंतर ठेवता येत नाही? वेटिंगमध्ये टीव्ही मोठ्याने लावलेला असतो तो वेगळाच विनोद. दुसऱ्या वेळी मात्र झालं, चार स्टिकर, पन्नास मिनिटं, चार वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला, आणि रिंगच्या खेळात जे आकडे आले होते त्याच्या पाच-दहा डेसिबल इकडेतिकडे तेच आले.

रिपोर्टबद्दलपण तक्रार आहे. तोंडी इतकं सुंदर समजावणारी माणसं लिहून देताना नुसती संक्षेपं देतात. आजोबांना वाचून दाखवायला मी दोन तास बसले.

कारण शोधायचं काम बाहेरच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एमआरआय, ईसीजी, डोळे, रक्तातून जीन्सचं पॅनेल. सगळं नॉर्मल. आईकडून येणारा जीन्समधला एक बदल असतो, ज्यात जेंटामायसिनसारख्या औषधाने कान पटकन जातो आणि सापडला तर आईकडच्या सगळ्या नातेवाइकांनी ती औषधं टाळायची, तोही नाही. म्हणजे कारण सापडलं नाही. असं बऱ्याच मुलांमध्ये होतं म्हणे. मी मॅडमना विचारलं की त्या इंजेक्शनानेच झालं का, त्या म्हणाल्या असेलही नसेलही, पण त्या इन्फेक्शनातून ती वाचली ते त्याच इंजेक्शनाने. मी अजून रात्री हिशोब मांडत बसते, ते जाऊ दे.

मशीनच्या बाबतीत सेंटर पैकीच्या पैकी. एकतर इम्प्लांटचा विषय मीच काढला तेव्हा म्हणाल्या, एवढ्या लॉसला गरज नाही, श्रवणयंत्राने भागेल, वाढला तर बघू. उगाच घाबरवलं नाही. दुसरं, मशीन कानात घातल्यावर बारीक नळी पडद्याजवळ ठेवून प्रत्यक्षात किती आवाज पोचतोय ते मोजलं. लहान मुलाचा कान छोटा, त्यात तोच आवाज मोठा होतो, त्यामुळे मोठ्यांच्या अंदाजाने सेट केलेलं चालत नाही. कुठेही गेलात तरी हे मोजणार का ते आधी विचारा, नाही म्हणाले तर उठा. बॅटरीच्या झाकणाला कुलूप मागून घ्या, बटण बॅटरी गिळली तर फार घातक. आणि दोरीची क्लिप, कारण पहिल्या आठवड्यात आमच्या बाईने मशीन चपलेच्या कपाटात, बादलीत आणि एकदा माझ्या पर्समध्ये टाकलं.

चौथ्या दिवशी बेडरूममध्ये उभी राहून वर बघत बसली, विचारते "आई, हे काय बोलतं?" पंखा करकरत होता. आम्हाला तो इतक्या वर्षांत ऐकूच आला नव्हता. आता फुगा "फुगा" आहे, ससा अजून "थथा" आहे, स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा चालू. दर तीन महिन्यांनी पुन्हा ऑडिओग्राम, कारण हा लॉस जन्मानंतर आलाय (तेव्हा ओएई पास होती, आता गायब) आणि आणखी घसरेल का ते रेघ बघूनच कळणार. आतापर्यंत दोनदा केला, रेघ तिथेच आहे.

जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागा, मूल पंधरा-वीस मिनिटांत कंटाळतं आणि मग ऐकू येत असलं तरी रिंग टाकत नाही. डिस्चार्ज कार्ड मूळ घेऊन जा, झेरॉक्समध्ये औषधांची नावं दिसत नाहीत. आणि टेस्टच्या वेळी मुलाच्या मागे बसा.

अपडेट: मोल्ड (मशीनचा कानात बसणारा, कानाच्या मापाचा भाग) सैल होऊन शिट्टी मारायला लागलाय, कान वाढतोय म्हणून दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो हे सांगितलं होतं. सेंटरचा फोन सहाव्यांदा लागला. गुरुवारी साडेनऊची वेळ दिलीये, पहिलाच नंबर.